ते वाक्य माझं होतं, शैलाताई

शैलाताई,

तुला जाऊन आज बारा दिवस झाले. मंडळाच्या अंकात तुझ्यावर एक पान द्यायचं ठरलंय, आणि ते मी लिहावं असा संपादकांचा फोन आला. मी तुझ्या सगळ्यात जवळची, असं ते म्हणाले. मग जरा थांबून, अगदी सौम्यपणे त्यांनी सुचवलं की त्या नाटकाचा विषय टाळता आला तर बरं होईल. आता बाई गेल्या, कशाला पुन्हा. मी बरं म्हणाले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, त्या नाटकाबद्दल कुणीही काहीही म्हटलं की गेली दोन वर्षं मी ‘बरं’च म्हणत आले आहे.

नाटक टाळूनही लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. तुझ्या सांबारवड्या आहेत, नागपुरी, कोथिंबिरीच्या. कुणाच्याही घरी गेलीस की आधी पुस्तकांच्या कपाटाकडे जायचीस, ते आहे. तुझं ते मोठ्यांदा हसणं, ज्याने मंडळाच्या मीटिंगमध्ये माणसं दचकायची. हे सगळं मी दोन वेळा लिहून काढलं आणि दोन्ही वेळा वाचताना वाटलं, ही कुणी दुसरीच बाई आहे, बऱ्यापैकी गोड, आणि मला तिचा कंटाळा येतोय.

म्हणून जे झालं ते सांगते. तुला माहीत आहे, तरी तुलाच सांगते, कारण दुसऱ्या कुणाकडे तोंड करून मला ते जमत नाही.

इथे अमेरिकेत आल्यावर पहिली दोन वर्षं मी घरात होते. म्हणजे खरोखर घरातच. मिलिंद सकाळी सातला फ्रीवेला लागायचा. गाडी एकच, ती गेली की मी आणि भिंती. आर्किटेक्चर करून, पुण्यात चार वर्षं नोकरी करून आलेली मी, आणि माझ्या व्हिसावर काम करायला मनाई. तुझंही तेच. नागपूरच्या कॉलेजात वीस वर्षं मराठी शिकवून, ती नोकरी सोडून तू दिलीपरावांबरोबर आलीस. आपली पहिली भेट मंडळाच्या गणपतीत झाली. हातात प्रसादाची वाटी घेऊन तू मला सांगितलंस की ‘डिपेंडंट’ला मराठीत ‘आश्रित’ म्हणतात, आणि हसलीस. ‘तू आश्रित नंबर दोन. एक नंबर माझा, वयानं.’ तिथे मीही हसले. घरी येऊन रडले.

ड्रायव्हिंग टेस्टमध्ये तू दोनदा नापास झालीस. तिसऱ्यांदा पास झालीस तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होतीस, आणि त्याच दिवशी दुपारी दिलीपरावांची जुनी गाडी घेऊन माझ्या दारात उभी राहिलीस. आत यायलाही तयार नव्हतीस. ‘काय करून राहिली घरात? चपला घाल. कुठे जायचं ते मलाही माहीत नाही.’ आपण तळ्यापर्यंत गेलो, तळ्याला दोन चकरा मारल्या आणि परत आलो. एवढंच. पण मी त्या आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले. यासाठी मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर तू नक्की काहीतरी टोचून बोलली असतीस.

त्याच गाडीत मी तुला आमची पहिली घर शोधण्याची गोष्ट सांगितली. दोन हजार एकचा शरद ऋतू होता. आम्ही नुकतेच आलो होतो आणि अकरा सप्टेंबरनंतर इथली हवा परक्यांसाठी फार वाईट झाली होती. मिलिंदला एकदा पार्किंगमध्ये कुणीतरी ओरडून परत जायला सांगितलं होतं. फोनवर एका अपार्टमेंटच्या मॅनेजरबाईने जागा आहे, या, असं सांगितलं. आम्ही दारात उभे राहिलो, तिने आम्हाला पाहिलं आणि हसून म्हणाली, सॉरी, आत्ताच गेलं. बाहेर जागा रिकामी असल्याची पाटी तशीच होती.  मला त्या बाईचं हसू लक्षात राहिलं. राग किंवा तिरस्कार असं त्यात काही नव्हतंच. किती सोपं हसू होतं, शैलाताई. ऐकताना तू गाडीचा वेग इतका कमी केलास की मागच्याने हॉर्न दिला.

पुढे आम्ही स्वतःचं घर घेतलं. ड्युप्लेक्स, मध्ये एक भिंत आणि दोन बाजूंना दोन दारं. एका भागात आम्ही राहायचं आणि दुसरा भाड्याने द्यायचा. दोन हजार चारच्या वसंतात मी पुढच्या लॉनवर ‘फॉर रेंट’ची पाटी लावली. फोन मीच घ्यायचे. तेवढंच एक काम मला करता येण्यासारखं होतं आणि मी ते मन लावून करत होते. एका बाईंचा फोन आला. हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, सात वर्षांची मुलगी आहे, शाळा जवळ पडेल, असं म्हणाल्या. आवाज छान होता, ठाम, थोडा थकलेला. मी अकरा वाजता या म्हणून सांगितलं. त्या अकराला पाच कमी असताना आल्या. तू माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्याशी उंच स्टुलावर बसून चहा पीत होतीस.

मी दार उघडलं. त्या बाई काळ्या होत्या. मुलीचा हात धरला होता, मुलीच्या केसांत पिवळे मणी होते. मी त्यांना एक मिनिट थांबा म्हटलं, आत आले आणि दारातून सरळ दिसणाऱ्या त्या ओट्याशी उभी राहून मिलिंदला ऑफिसात फोन लावला. मराठीत बोलले. त्यांच्यासमोर, त्यांना कळणार नाही अशा भाषेत, मी म्हणाले, ‘अरे, ती काळी आहे.’  मिलिंद म्हणाला, शेजारचे काय म्हणतील, पुढे घर विकायचं झालं तर काय, आपण आधीच इथे उपरे. आणि शेवटी, ‘गेलं म्हणून सांग.’

मी दाराशी गेले आणि हसून म्हणाले, सॉरी, आत्ताच गेलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग वळून लॉनकडे पाहिलं. म्हणाल्या, ‘मग ती पाटी काढून ठेवा.’ आवाज चढवला नाही. मुलीने काहीतरी विचारलं, त्यांनी तिला गाडीत बसायला सांगितलं. मी दार लावलं. ते हसू मी कुठून शिकले हे मला त्या क्षणीच ठाऊक होतं. तूही जाणून होतीस, कारण ती गोष्ट मी तुलाच सांगितली होती. मी ओट्याशी परत आले तेव्हा तू कपात बघत होतीस. मग तू लायब्ररीत आलेल्या नव्या पुस्तकांबद्दल बोलायला लागलीस आणि मी तुला आणखी चहा हवा का विचारलं. महिन्याभरात ती जागा आम्ही मिलिंदच्या ऑफिसातल्या एका मराठी कुटुंबाला दिली.

दोन वर्षं आपण तो विषय काढला नाही. मला वाटलं, तू विसरलीस.

दोन हजार सहामध्ये तू नाटक लिहायला घेतलंस. मंडळाला नेहमीचं विनोदी हवं होतं. तू म्हणालीस, या वेळी घरातलं आहे, थोडं भांडणाचं आहे, चालेल का. चालेल म्हणाले. कुणाला दाखवायच्या आधी तू मला सेटचा नकाशा काढायला सांगितलास. मला किती आनंद झाला होता. पाच वर्षांनी कुणीतरी मला नकाशा काढायला सांगत होतं. तू फक्त एवढं म्हणालीस की पुढचं दार आणि स्वयंपाकघराचा ओटा समोरासमोर हवा, दारातल्या माणसाला ओट्याशी उभं असलेलं माणूस दिसलं पाहिजे. मी रात्रंदिवस डोक्यात तेच घेऊन बसले. तीन नकाशे काढले, मोजमापं घातली, ओट्याची उंची सुद्धा. आपलंच घर काढतेय हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

मग तुझ्या घरी पहिलं वाचन झालं. एक मराठी कुटुंब. नवरा ग्रीन कार्डाच्या रांगेत अडकलेला, बायको शिकलेली पण घरात बसलेली. नवऱ्याला स्वतःची कंपनी काढायची असते, बायकोला नुसतं कामावर जायचं असतं, आणि दोघांची स्वप्नं एकाच कागदापाशी अडलेली असल्यामुळे ती दोघं दुसऱ्या कशावरूनही भांडतात. पहिला अंक मला फार आवडला. बायकोची भूमिका तू मला दिली होतीस आणि मी रंगात येऊन वाचत होते. दुसऱ्या अंकात दारावरची बेल वाजली. मी पान उलटलं आणि माझं वाक्य वाचलं. ‘सॉरी, आत्ताच गेलं.’

खोलीत नऊ माणसं होती. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. मी पुढे वाचत गेले.

घरी आल्यावर मी मिलिंदला स्क्रिप्ट दिली. त्याने उभ्याउभ्याच वाचली. चिडेल असं मला वाटलं होतं, पण तो घाबरला. वर्णावरून घर नाकारणं इथे कायद्याविरुद्ध आहे, हे त्याला आता माहीत झालं होतं. त्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज कंपनीमार्फत होता, म्हणून कंपनी सोडता येत नव्हती. अर्ज मध्येच लटकलेला, म्हणून परत जाण्याचाही विचार नाही. त्यात कुणी तक्रार केली, काही चौकशी लागली तर? मी म्हणाले, मी भूमिका सोडते. तो म्हणाला, ‘आता सोडलीस तर लोक विचारतील, का सोडली. करत राहा. नाटकच समजतील.’

तेव्हा मी करत राहिले. दर रविवारी दुपारी क्लबहाउसमध्ये मी स्वतः काढलेल्या माझ्याच घरात उभी राहून माझंच वाक्य म्हणत होते, आणि थांबायचीही सोय नव्हती.

दारातल्या बाईचं काय करायचं यावरून कमिटीशी तुझा वाद झाला. आपल्यातल्याच एका मुलीला काळा मेकअप करून उभं करू, असं सुचवण्यात आलं. तू म्हणालीस, ‘तसं करायचं असेल तर माझं नाटक परत द्या.’ मग तू व्हेराला घेऊन आलीस. व्हेराही काळी, इथल्या लायब्ररीतून रिटायर झालेली, तू तिथे बिनपगारी पुस्तकं लावायला जायचीस तेव्हापासूनची तुझी मैत्रीण. सत्तरीला टेकलेली, ताठ, सावकाश बोलणारी. तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता आणि नाटकात तिला इंग्रजीतली तीनच वाक्यं होती. पहिल्या तालमीला तिने तुला विचारलं, ही बाई चिडलेली आहे का? तू माझ्याकडे बघून म्हणालीस, नाही, ती चिडली नव्हती. व्हेरा म्हणाली, ‘बरोबर. मुलगी बरोबर असताना चिडून चालत नाही.’ तरुणपणी याच भागात ती अशी तीन दारांवरून परत आलेली होती. तेही तिने असंच, कोट घडी करता करता सांगितलं.

तालमी संपत आल्या तेव्हा एक दिवस मला सहन झालं नाही. बाकीचे गेले होते, आपण दोघी खुर्च्या उचलत होतो. मी तुला म्हटलं, तू माझा वापर केलास. मला न विचारता माझं घर उचललंस आणि वर मलाच त्यात उभं केलंस. तू खुर्ची खाली ठेवलीस. म्हणालीस, ‘दुसऱ्या कुणी ते वाक्य म्हटलं असतं, तर ते खोटं झालं असतं.’

‘म्हणजे मला शिक्षा देतेयस.’

‘शिक्षा देणारी मी कोण?’

‘मग तू कुठे आहेस यात?’ मी विचारलं. ‘तू तिथेच बसली होतीस, शैलाताई. चहा पीत होतीस. ती बाई माझ्यामागे तुला बघत होती. तू एक शब्द बोलली असतीस तर मी दार लावलं नसतं. तुझ्या नाटकात नवरा आहे, बायको आहे, दारातली बाई आहे. ओट्याशी बसलेली बाई कुठे गेली?’

तुझा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. उरलेल्या खुर्च्या उचलल्यास, दिवे बंद केलेस आणि मला घरी सोडलंस. वाटेत सिग्नलला थांबलो असताना एकदा तू तोंड उघडलंस, पण मागच्याने हॉर्न दिला आणि तू गाडी पुढे काढलीस. काय म्हणणार होतीस? मी हे तुला नंतर विचारायला हवं होतं.

प्रयोगाच्या दिवशी शाळेचं ऑडिटोरियम भरलेलं होतं. पहिल्या अंकाला छान हशे मिळाले. मिलिंद चौथ्या रांगेत होता. दुसरा अंक सुरू झाला. बेल वाजायच्या जरा आधी, विंगेत प्रॉम्प्टिंगला बसलेली तू उठलीस. हातात कप होता. तू सरळ स्टेजवर आलीस, ओट्याशी स्टूल ओढलंस आणि बसलीस. लेखिका चुकून आत आली असं वाटून लोक हसले. मीही गोंधळले. नाटकात माझ्या नवऱ्याचं काम करणारा विंगेतून डोळे मोठे करून बघत होता. मग बेल वाजली आणि मला दार उघडावंच लागलं.

व्हेरा उभी होती. मी तिला एक मिनिट थांबा म्हटलं, तुझ्याजवळ येऊन फोन उचलला, माझी वाक्यं म्हटली. तू कपात बघत होतीस. अगदी त्या दिवसासारखी, मान तितकीच खाली. हसणं थांबलं होतं. मी दाराशी गेले आणि ते वाक्य म्हटलं, आणि व्हेराने तिचं वाक्य म्हणताना माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या खांद्यावरून पलीकडे, तुझ्याकडे पाहिलं. तू मान वर केली नाहीस. एक घोट घेतलास. सगळ्या सभागृहात तो घोट ऐकू आला असं मला वाटलं. मी दार लावलं, परत आले आणि स्क्रिप्टमध्ये नसलेलं एक वाक्य माझ्या तोंडून आलं. ‘आणखी चहा हवा का?’

तू ‘हो’ म्हणालीस. मग उठलीस आणि आत गेलीस.

त्यावर आपण कधी बोललो नाही. प्रयोगानंतर तू मेकअपरूममध्ये व्हेराच्या पाठीवर हात ठेवून उभी होतीस, मी केसातल्या पिना काढत होते. आरशात आपली नजरानजर झाली. मी तेव्हा उठून तुला मिठी मारायला हवी होती. मला वाटलं, आता पुष्कळ वेळ आहे.

पंधरा दिवसांनी मंडळाची बैठक झाली. नाटकावर लोक नाराज होते. कमिटीतले एक ज्येष्ठ गृहस्थ उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले की आपण इथे मान खाली घालून, कष्ट करून राहतो, मुलांसमोर आपल्याच माणसांना असं दाखवायचं कारण काय. आपली माणसं असं वागत नाहीत. बाईंनी एक उदाहरण द्यावं. सगळे तुझ्याकडे बघायला लागले. मी तुझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसले होते. मिलिंदने माझ्या मनगटावर हात ठेवला होता. नुसता ठेवला होता, दाबला नव्हता.

तू उभी राहिलीस. मला वाटलं, आता माझं नाव येणार. खरं सांगू? एका बाजूने मला ते हवंही होतं.

तू म्हणालीस, ‘मी होते तिथे.’ आणि बसलीस.

लोकांनी त्याचा जो अर्थ काढायचा तो काढला. शैलाबाईंनी कधीतरी, कुठेतरी कुणाला घर नाकारलं होतं, आणि आता पश्चात्ताप म्हणून सगळ्या समाजाला नावं ठेवतायत. काही जण म्हणाले, छे, प्रसिद्धीसाठी बनवलंय. त्यानंतर तुला नाटक लिहायला कुणी सांगितलं नाही. दिवाळीच्या कार्यक्रमाची निवेदनं तुझ्याकडून काढून घेतली. ऑफिसात जेवायला दिलीपरावांच्या टेबलावर बसणारे दोन जण दुसरीकडे बसायला लागले. तू एक शब्द बोलली असतीस तर सगळं माझ्याकडे आलं असतं. तू बोलली नाहीस. मी बोलले असते तर तुझी सुटका झाली असती. मीही बोलले नाही. दर महिन्याला कार्डाच्या रांगेतली तारीख किती सरकली ते मिलिंद बघायचा, कधी ती मागेच जायची, आणि मी मनाशी म्हणायचे, कार्ड आलं की सांगू.

आपलं येणंजाणं सुरूच राहिलं, हे मला आता सगळ्यात विचित्र वाटतं. मंगळवारी तू यायचीस, त्याच ओट्याशी बसायचीस. तू नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल बोलायचीस, मी मिलिंदच्या आईच्या गुडघ्यांबद्दल. व्हेरा कधी कधी बरोबर असायची. एकदा तू आत हात धुवायला गेलीस तेव्हा तिने मला सरळ विचारलं, ‘ती तूच होतीस ना?’ मी हो म्हणून मान हलवली. तिने विचारलं, शैला तुझ्यासाठी आणखी किती दिवस हे ओढणार आहे? मी व्हिसाचं, कार्डाचं समजावून सांगायला लागले. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, अडकलेली आहेस हे दिसतंय मला. तिला पण अडकवलंयस, हे दिसतंय का तुला? तू परत आलीस आणि आपण तिघींनी सांबारवड्या खाल्ल्या.

त्याला चार महिने झाले. मग तू गेलीस, दोन दिवसांत, काही विचारायला वेळ न देता. हॉस्पिटलमध्ये तुझ्या डाव्या हाताशी मी बसले होते, उजव्या हाताशी व्हेरा. तेव्हाही मी बोलले नाही. तुला ऐकू येत नसेल असं डॉक्टर म्हणाले होते, आणि मी त्याचाही आधार घेतला.

पाचव्या दिवशी मी दिलीपरावांना डबा द्यायला गेले. ते तुझ्या टेबलाशी बसले होते, समोर नाटकाची वही. वहीची पानं त्यांनी दोनदा मागेपुढे केली. मग म्हणाले, ‘वृंदा, तुला काही बोलली होती का ती? तिनं घर कुणाला नाकारलं गं? आमच्याकडे तर भाड्यानं द्यायला घरच नव्हतं.’

तू त्यांनाही सांगितलं नव्हतंस. दोन वर्षं, एका घरात, रोज समोरासमोर जेवताना, तू त्यांना सांगितलं नव्हतंस की दार लावणारी बाई कोण होती. आणि त्यांनीही तुला विचारलं नव्हतं, तुला वाईट वाटेल म्हणून. मी म्हणाले, ‘मला माहीत नाही, दादा.’ डबा ओट्यावर ठेवला आणि निघाले. गाडीत बसून मी चावी लावली, पण मला गाडी मागे घेता येईना. तुझ्याच घरासमोर अर्धा तास बसून राहिले.

मला तुझा रागही येतो, हे लिहून ठेवते. तू कप घेऊन स्टेजवर आलीस, तुझा वाटा तू सगळ्यांसमोर उचललास, आणि मग माझाही उचललास. तो उचलायला तुला कुणी सांगितलं होतं? मी घाबरट होते, पण तू मला कायमची घाबरट ठेवलीस. हे भांडण मला तुझ्याशी करायचं होतं, नीट, आवाज चढवून, मग चहा करून. आता मी कितीही बोलले तरी तू मान खाली घालून बसलेलीच दिसतेस.

तर संपादकांना आणि मंडळाला सांगते. नाटकात दार लावणारी बाई मी आहे. शैला देशकरांनी कुणालाही घर नाकारलं नाही. त्या माझ्या घरी चहा प्यायला आल्या होत्या. दारात आलेल्या बाईंचं नाव मला आठवत नाही. फोनवर त्यांनी ते नीट सांगितलं होतं, मी कागदावर लिहिलंही होतं, आणि त्या गेल्यावर तो कागद टाकून दिला.

इथपर्यंतचं सगळं मी काल लिहून छापून काढलं आणि आज दुपारी मिलिंदच्या हातात दिलं. त्याने खुर्ची ओढली, बसला आणि शेवटपर्यंत वाचलं. मग मागची पानं उलटून एका ओळीवर बोट ठेवलं. मी तिथे लिहिलं होतं, ‘फोनवरून मला तसं सांगण्यात आलं.’

‘कुणी सांगितलं ते लिही,’ तो म्हणाला.

मी पेनने ती ओळ खोडली आणि आता वर आहे तसं त्याचं नाव, त्याचं वाक्य घातलं. तो बघत होता. मग त्याने विचारलं, यामुळे काही झालं तर, कार्डाचं? मी म्हणाले, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही, शैलाताई. कार्ड आलेलं नाही, कधी येईल ते कुणी सांगत नाही, आणि हे पान छापून आल्यावर आमचं इथे काय होईल, मंडळात कोण बोलेल, कोण नाही, यातलं काहीच मला दिसत नाही.

मी त्याला सांगितलं की संपादकांना पाठवायच्या आधी हे दिलीपरावांना नेऊन द्यायचंय. त्यांच्यासमोर बसून, ते वाचेपर्यंत थांबायचंय. मी पर्स घेतली, चपला घातल्या. मिलिंद अजून खुर्चीतच होता, पानं हातात घेऊन.

मग तो उठला आणि म्हणाला, ‘थांब, मी पण येतो.’